झेंड्याचं ताट

आमच्या रेस्टॉरंटच्या दाराशी एक उंच स्टूल आहे. त्यावर यादीचा कागद आणि दोरीला बांधलेलं पेन. गर्दी असली की आलेल्याने आडनाव आणि माणसं किती एवढं लिहायचं आणि बाकावर बसून राहायचं. खरं आडनाव लिहिणारे फार थोडे. ज्यांचं नाव वाचायला अवघड, ते उगाच दोनदा विचारलं जाऊ नये म्हणून यामादा नाहीतर तानाका असं घरोघरी सापडणारं काहीतरी खरडतात. काहींना चारचौघांत आपलं नाव पुकारलेलं आवडत नाही. मी स्वतः दुसरीकडे जेवायला गेले की 'मोरी' लिहिते. माझं आडनाव मिनोवा. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण एकदा सवय लागली की लागली.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात या कागदाचा वाटा आहे. मोठा वाटा माझा आहे, तेही सांगून ठेवते.

एकतीस डिसेंबरची दुपार होती. आकागीच्या डोंगरावरून कोरडा वारा सुटला होता आणि पार्किंगमधले जाहिरातीचे कापडी फलक काठीसकट वाकत होते. आमचं आणि शेजारच्या मोठ्या सुपरमार्केटचं पार्किंग एकच. नववर्षाच्या खरेदीला अख्खं गाव तिथे लोटलं होतं आणि खरेदी झाली की पोरांना घेऊन आमच्याकडे येत होतं. बाकावर जागा नव्हती, लोक दारात उभे होते.

मी दहा दिवसांच्या रजेनंतर त्याच सकाळी कामावर आले होते. थोरल्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. आल्याआल्या मॅनेजरने नोटिसांची फाइल पुढे केली. या इवाकिरीचं वय एकतीस, माझ्या धाकट्या मुलाएवढा, आणि बोलणं इतकं मऊ की रागवायचीही सोय नाही. "मिनोवासान, तुमच्या मागे सात नोटिसा निघाल्यात. वाचून शिक्का मारा," म्हणाला. प्रत्येक नोटिशीखाली चौकटी असतात, ज्याने वाचली त्याने आपल्या आडनावाचा छोटा शिक्का तिथे उमटवायचा. बाहेर लोक ताटकळलेले, आणि मी काय कादंबरी वाचत बसू? पोस्टातल्या कारकुनासारखे सातही शिक्के धडाधड मारले आणि एप्रन बांधून बाहेर आले.

मला माझ्या कामाचा अभिमान होता. होता म्हणते, कारण आता तो शब्द उच्चारताना जीभ अडखळते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे टेबलाटेबलावर टॅब्लेट आले, मांजराच्या तोंडाचे दोन रोबो ताटं पोचवायला आले, आणि माणसाने माणसाला काय हवं-नको विचारायचं राहिलंच. मी मात्र विचारत असे. म्हाताऱ्यांच्या हातातून ती पाटी काढून घेऊन तोंडी ऑर्डर घ्यायची, पोरांची चित्रं भिंतीवर लावायची, ही माझी कामं. इवाकिरी म्हणायचा, "लोकांना टॅब्लेट वापरू द्या ना." मी म्हणायचे, "त्या टॅब्लेटला म्हणावं आधी हसून दाखव."

पाऊण वाजता मी यादीतलं पुढचं नाव, मागे आदराचा 'सामा' लावून, पुकारलं. "यामादासामा, दोघं."

कुणी हललं नाही. पुन्हा पुकारलं. बाकाच्या टोकाला लोकरी टोपीतले एक उंच आजोबा बसले होते, तेही इकडेतिकडे बघत होते, की हा यामादा कोण गेला कुठे. मग एकदम दचकून उठले. "अरे, मीच की तो."

"नाव विसरलात होय, आजोबा?"

"वय झालं," ते ओशाळून म्हणाले. मी काय ते समजले आणि हसले. त्यांच्या बोटाला पाचेक वर्षांची एक मुलगी होती, पायात पिवळे बूट, गळ्यात सशाच्या चित्राची छोटी पिशवी.

त्यांना खिडकीजवळचं चौदा नंबरचं टेबल दिलं. आजोबा टॅब्लेट उलटासुलटा करू लागले तशी मी तो काढून घेतला. "ठेवा बाजूला ते लफडं. मला सांगा, मी आहे ना."

"बरं झालं. ती बाई आतून सारखी 'पुन्हा स्पर्श करा' म्हणते, आणि मी कधीचा स्पर्शच करतोय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक विचारायचं होतं. हिला सोबा अजिबात चालत नाही. म्हणजे जिवावर बेतण्यासारखं आहे. हिच्या आईने निघताना दहादा बजावलंय. तुमच्याकडे उदोन मिळतो ना मुलांचा, त्यात काही...?"

उदोन म्हणजे गव्हाच्या जाड पांढऱ्या नूडल्स. सोबा वेगळा, कुट्टूच्या पिठाचा, काळपट. तो आमच्या मेनूत कधीच नव्हता. मी इतकी ठाम होते की मान वळवून स्वयंपाकघराकडे बघितलंसुद्धा नाही.

"सोबा? आजोबा, या रेस्टॉरंटात अकरा वर्षांत सोबाचा तुकडाही आलेला नाही. निर्धास्त खा."

त्यांचा चेहरा सैल झाला. तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. पोरगी म्हणाली, "झेंडावाला उदोन." मुलांच्या ताटात आम्ही भाताच्या मुदीवर कागदी झेंडा लावतो, तो तिला हवा होता.

"कुठला झेंडा आणू?"

"ससा असलेला."

"सशाचा देश नाही गं कुठे."

"मग दोन आण," ती म्हणाली. मी दोन झेंडे लावून आणले, रंगवायला कागद आणि खडूही दिले. ती एका हाताने चित्र काढत आणि दुसऱ्या हाताने नूडल्स ओढत जेवली. आजोबांनी तिच्या वाडग्यातलं नूडल्सचं गरम पाणीसुद्धा तिला पिऊ दिलं, थंडी आहे म्हणून. जाताना तिने चित्र माझ्या हातात दिलं. "काकू, भिंतीवर लाव." मी ते एप्रनच्या खिशात ठेवलं, आणि आजोबा रोख पैसे देऊन, दोनदा वाकून, तिला घेऊन गेले.

त्यानंतर चार टेबलं उठली. चौदा नंबर पुसायला मी पोचले तेव्हा सोफ्याच्या खाचेत ती सशाची पिशवी दिसली. कुणाची आहे कळावं म्हणून उघडली. आत पेनासारखं जाडसर इंजेक्शन आणि प्लॅस्टिकमध्ये घातलेलं कार्ड. 'या मुलीला सोबाची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. अंगावर गांधी, खोकला, आवाज बसणं, श्वास लागणं यांपैकी काही दिसल्यास मांडीत बाहेरच्या बाजूने इंजेक्शन द्या आणि अँब्युलन्स बोलवा.' खाली चित्रं आणि आईचा फोन नंबर. नाव नव्हतं. हल्ली आया मुलांच्या वस्तूंवर नाव घालत नाहीत, परक्याने वाचून पोराला हाक मारू नये म्हणून.

मनात आलं, बिचारे आजोबा, आता घाबरत परत येतील. आणि असंही आलं, खरंच सांगते, की बरं झालं आपल्याकडे सोबा नसतो.

तेवढ्यात मांजर-रोबो गाणं म्हणत माझ्या बाजूने गेला आणि पंधरा नंबरपाशी थांबला. "म्याव. आपला वर्षअखेरचा सोबा आणलाय," तो म्हणाला. त्याच्या मधल्या फळीवर दोन काळे वाडगे होते. वाफ निघत होती. आत बारीक, काळपट नूडल्स होत्या.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी घरोघर सोबा खातात, हे काय मला माहीत नव्हतं? त्या रात्रीसाठी मी स्वतः सकाळी दोन पुड्या घेऊन ठेवल्या होत्या. पण तो आमच्याकडे, आमच्या स्वयंपाकघरात? मी तशीच आत गेले. चुलीपाशी आमचा स्वयंपाकी उदागावा उभा होता, नूडल्सच्या जाळ्या झटकत.

"उदागावा, हा सोबा कुठे उकडतोयस?"

"कुठे म्हणजे? नूडल्सच्या भांड्यात."

"आणि उदोन?"

"त्यातच. भांडं एकच आहे ना, काकू. सकाळी अकरापासून तेच चाललंय." त्याने माझ्याकडे बघितलं. "असं काय करताय? नोटीस आहे की."

नोटीस भिंतीवर होती. लाल चौकटीची. 'या वर्षी प्रथमच, फक्त ३१ डिसेंबरला, वर्षअखेरचा सोबा. या दिवशी सोबा आणि उदोन एकाच पाण्यात शिजतील. अ‍ॅलर्जीबद्दल विचारणाऱ्या ग्राहकाला हे न चुकता सांगावे. टॅब्लेटवर तशी सूचना दिसेल.' खाली शिक्क्यांच्या चौकटी. डावीकडून तिसरा शिक्का मिनोवा. सरळ, ठसठशीत, शाई कुठे फुटलेली नाही.

टॅब्लेट मी तिच्या आजोबांच्या हातातून काढून घेतला होता.

इवाकिरी मागे येऊन उभा होता. मी त्याला काय सांगितलं, कोणत्या शब्दांत, आठवत नाही. बिलाच्या यंत्रावर चौदा नंबरची वेळ एक बावीस होती. घड्याळात एक तेहतीस झाले होते. मी कार्डावरचा नंबर लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"कदाचित काही होणारही नाही," इवाकिरी हळूच म्हणाला. "पाण्यात कितीसं उतरणार? आणि आपण उगाच..."

"इवाकिरीसान, ती पाणीसुद्धा प्यायलीय."

त्याचा चेहरा पांढरा पडला. पण तो पोरगा वाईट नाही. "अँब्युलन्स बोलावली तरी कुठे पाठवू म्हणतील. मी सुपरमार्केटला फोन करून नाव पुकारायला सांगतो. तुम्ही पळा."

मी पळाले. अठ्ठावन्नाव्या वर्षी, एप्रनमध्ये, पातळ चपलांनी, हातात ती पिशवी घट्ट धरून. वारा समोरून होता, श्वास घेऊ देत नव्हता, आणि मनात येत होतं की तिलाही असाच श्वास लागला असेल. गाड्यांच्या रांगांतून डोकावत गेले. सगळ्या गाड्या सारख्याच, छोट्या, पांढऱ्या नाहीतर रुपेरी. ते गाडीने आले होते की चालत, हेही मला ठाऊक नव्हतं. घरी निघून गेले असतील तर? हमरस्त्यावर, लाल दिव्याला थांबलेल्या गाडीत, मागच्या सीटवर ती एकटी असेल तर? आजोबांना वाटेल झोपली. हा विचार आला आणि मी तो पुढे जाऊ दिला नाही, नाहीतर तिथेच बसले असते.

सुपरमार्केटचं दार उघडलं आणि स्पीकरवर आवाज आला. "यामादासामा, यामादासामा. दुपारी रेस्टॉरंटात जेवलेले यामादासामा, कृपया सेवा-काउंटरवर यावे."

काउंटरवर निळ्या टोपीची एक मुलगी होती. "आले का कुणी?" मी विचारलं.

"येतायत," ती म्हणाली.

आणि खरंच आले. लांब मुळा काखेत धरलेली एक बाई लगबगीने आली. मी तिच्या मागे पिवळे बूट शोधले. नव्हते. मग एक तरुण जोडपं आलं. मग एक जाडे गृहस्थ, दम लागलेला. "मी यामादा. काय झालं? गाडीचे दिवे राहिले का चालू?" सगळेच खरे यामादा, सगळेच सकाळी नाहीतर दुपारी आमच्याकडे जेवलेले. प्रत्येक वेळी गर्दीतून कुणी वाट काढत येताना दिसलं की माझा जीव वर यायचा आणि पुन्हा खाली बसायचा. "अजून एकदा पुकारा," मी म्हटलं. तिने पुकारलं. आणखी कुणी आलं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या बाकावर बसून, दहा हातांवरून पुकारलेलं स्वतःचं नाव त्या माणसाला ओळखू आलं नव्हतं. इथे, या कलकलाटात, त्याला काय ओळखू येणार? तो ऐकत असेल आणि म्हणत असेल, कोण बरं हा यामादा, सापडत का नाही.

मी रोज अशी शंभर खोटी नावं वाचते. त्या घडीला मला एक खरं नाव हवं होतं आणि माझ्याकडे ते नव्हतं.

घाम पुसायला एप्रनच्या खिशात हात घातला, तर कागद लागला. तिचं चित्र. ताट, त्यावर दोन झेंडे, बाजूला एप्रनवाली एक बाई, तोंड एवढं मोठं हसणारं. आणि कोपऱ्यात खडूने, एक अक्षर उलटं काढून, लिहिलं होतं: हियोरी. पोरं खोटी नावं लिहीत नाहीत.

"हे पुकारा," मी कागद पुढे केला. "हियोरी. पाच वर्षांची मुलगी."

निळ्या टोपीने कागद बघितला आणि ओठ दाबले. "लहान मुलाचं नाव पालकांनी विनंती केल्याशिवाय आम्हाला पुकारता येत नाही. नियम आहे. आपण पालक आहात का?"

"मी तिला जेवायला वाढलंय."

"मी सुपरवायझरना विचारून—"

मी काउंटरच्या मागे गेले. आयुष्यात कधी कुणाला ढकललं नव्हतं, तिला बाजूला केलं आणि माइक ओढला. माझा आवाज छतातून माझ्याच अंगावर आला तेव्हा तो मला ओळखू आला नाही.

"हियोरीचॅन. झेंड्याचं ताट देणारी काकू बोलतेय. हियोरीचॅनचे आजोबा, तिची सशाची पिशवी माझ्याकडे आहे. तिने जे खाल्लं त्यात सोबा होता. जिथे असाल तिथे हात वर करा. ज्यांना पिवळ्या बुटांची मुलगी दिसेल त्यांनी ओरडा."

सगळं दुकान थांबलं. मग मोचीच्या, म्हणजे तांदळाच्या वड्यांच्या, रांगेपलीकडून, मागच्या दाराकडून एका बाईचा आवाज आला. "इकडे. इकडे एक मुलगी खोकतेय."

मागच्या दाराजवळ पेयांची यंत्रं आहेत. तिथल्या बाकावर हियोरी बसली होती. आजोबा तिच्यासमोर उकिडवे बसून गरम मक्याच्या सूपचा डबा तिच्या ओठांना लावत होते. "वारा लागला हिला," ते मला म्हणाले, "केव्हाची खोकतेय. सूप घेतलं की बरं वाटेल." तिचा चेहरा सुजला होता, मानेवर लाल गांधी उठल्या होत्या, आणि श्वास आत जाताना शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. ती माझ्याकडे बघत होती.

मी पिशवी उघडली. आजोबांनी ती बघितली, आपल्या छातीवर, मग तिच्या गळ्यात चाचपलं, आणि त्यांच्या हातातला डबा खाली पडला. "द्या, मला द्या," ते म्हणाले, पण त्यांचे हात इतके कापत होते की टोपण निघेना. "आजोबा, तिला धरा," मी म्हटलं. "पाय घट्ट धरा."

माझे हात कापत नव्हते. का ते मला माहीत नाही. कार्डावरची चित्रं बघत निळं टोपण काढलं, नारिंगी टोक तिच्या मांडीवर विजारीवरूनच टेकवलं आणि दाबलं. खट्ट आवाज झाला. ती किंचाळली नाही, फक्त डोळे मोठे केले. मी पाचपर्यंत मोजलं. ते पाच आकडे मोजायला मला किती वेळ लागला कोण जाणे. माझ्या तळव्याखाली तो पाय काटकीएवढा होता.

अँब्युलन्स कुणीतरी आधीच बोलावली होती. बहुतेक निळ्या टोपीनेच. ती येईपर्यंत मी हियोरीला आडवं करून पाय मांडीवर घेऊन बसले आणि तिच्या छातीकडे बघत राहिले. वर, खाली. वर, खाली. आजोबा जमिनीवर गुडघे टेकून माझ्यापुढे वाकत होते. "माझी चूक. पिशवी मी विसरलो. तुम्ही देवासारख्या धावत आलात." गर्दीतली माणसं मान हलवत होती. एक बाई डोळे पुसत माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. "केवढी काळजी ग्राहकांची," असंही कुणीतरी म्हणालं.

त्या हाताखाली मला शिसारी आली. माइकवर मी जे बोलले होते त्याचा अर्थ कुणाच्या डोक्यात शिरलाच नव्हता.

अँब्युलन्सचा माणूस आला, त्याने तिच्या तोंडावर मास्क लावला आणि विचारायला सुरुवात केली. "नाव?"

"केमुयामा हियोरी," आजोबा म्हणाले, आणि तशा अवस्थेतही माझ्याकडे बघून त्यांनी मान खाली घातली.

"काय खाल्लं? किती वाजता?"

"एकच्या सुमाराला. उदोन. पण सोबा नव्हता. मी विचारून घेतलं होतं ना." त्यांनी माझ्याकडे हात केला, किती भरवशाने. "यांनीच सांगितलं, यांच्याकडे सोबा नसतोच. स्पीकरवर काय बोलल्या ते मला नीट कळलं नाही. ही दुसऱ्याच कशाने आजारी पडली असेल."

तो माणूस लिहिता लिहिता थांबला. "सोबा नाही? मग काय? कोळंबी? अंडं?"

आता माझ्यावर होतं. गप्प बसले असते तरी इंजेक्शन देऊन झालं होतं, अँब्युलन्स आली होती, आणि मी देवासारखी धावून आलेली बाई राहिले असते. इवाकिरी बोलला नसता. पण त्या माणसाचं पेन कागदावर थांबलं होतं, आणि हॉस्पिटलातले लोक तो कागद वाचून तिला हात लावणार होते.

"सोबाच," मी म्हटलं. "उदोन सोबाच्या पाण्यात उकडला होता. ती ते पाणी भरपूर प्यायली. यांनी विचारलं होतं. मी न बघता नाही म्हणाले. सोबा आहे याची नोटीस होती. मी न वाचता तिच्यावर शिक्का मारला."

पाठीवरचा हात निघाला. आजोबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आमच्या बाकावरून त्या दुसऱ्या कुणा यामादाला शोधत होते, की ही कोण बाई. मग अँब्युलन्सची दारं लागली.

इवाकिरी संध्याकाळी हॉस्पिटलात गेला. मुलीच्या आईने त्याला भेटायला नकार दिला, आणि हॉस्पिटलने काही सांगायला. "अशा मुलांना दुसऱ्यांदाही त्रास होऊ शकतो म्हणे, रात्री," एवढंच तो ऐकून आला. मी घरी गेले. सोबाच्या दोन्ही पुड्या कचऱ्यात टाकल्या. मध्यरात्री नववर्षासाठी देवळाच्या घंटा वाजल्या तेव्हा मी फोन समोर ठेवून बसले होते, आणि तो वाजू नये असं वाटत होतं.

दोन तारखेला माणसं कमी पडली म्हणून इवाकिरीने मला बोलावलं. नववर्षाची सुट्टी संपून हेड ऑफिस उघडेपर्यंत मी ताटांना हात लावायचा नाही, फक्त दारात उभं राहून नावं पुकारायची. मी आनंदाने हो म्हटलं. घरात भिंती अंगावर येत होत्या.

साडेबाराला यादीवर नजर टाकली. ओनुकी, चार. तानाका, तीन. त्याच्याखाली मोठ्या, सावकाश काढलेल्या अक्षरांत: केमुयामा, एक.

एक. मी तो आकडा बघत राहिले. बाकाकडे बघायची हिंमत होईना. ओनुकींना बसवलं, तानाकांना बसवलं. बारा वाजून बावन्न मिनिटांनी ते नाव पुकारण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

"केमुयामासामा. एक."

लोकरी टोपी पहिल्या हाकेला उठली. मी त्यांना चौदा नंबरवर नेलं, कारण तेच रिकामं होतं. ते बसले. मी उभी होते. विचारायचा हक्क मला नव्हता, म्हणून विचारलं नाही, नुसती हात जोडून खाली वाकले आणि वाकलेलीच राहिले.

"घरी आहे," ते माझ्या डोक्यावरून म्हणाले. "काल दुपारी सोडलं. सकाळपासून संत्र्यांवरून माझ्याशी भांडतेय."

मी वर झाले नाही. चेहरा दाखवण्यासारखा नव्हता.

"हिची आई इथे पुन्हा पाऊल ठेवणार नाही. मलाही येऊ नका म्हणाली. तिचं बरोबर आहे. मलाही तुमचा राग आहे." त्यांनी भिंतीकडे बघितलं. "पण पोरगी विचारते, चित्र भिंतीवर लागलं का. मी म्हटलं, बघून सांगतो."

चित्र माझ्या खिशातच होतं. भिंतीवर लावायचं धाडस झालं नव्हतं, घरी ठेवायचंही. मी ते काढून टेबलावर ठेवलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं, एप्रनवाल्या बाईच्या मोठ्या तोंडावरून बोट फिरवलं, आणि माझ्याकडे सरकवलं. "लावा," ते म्हणाले. "आणि मला एक कॉफी आणा. टॅब्लेटवर नको, तुम्हीच आणा." मग टोपी काढता काढता, थट्टा होती की टोमणा होता ते माझ्या ध्यानात आलं नाही, म्हणाले, "कॉफीत सोबा नसतो ना?"

अकरा वर्षं मी अशा बोलण्याला हसत आले. त्या दिवशी हसले नाही.

"बघून येते," मी म्हटलं, आणि आत जाऊन कॉफीच्या डब्यावरचं लेबल पहिल्या अक्षरापासून वाचायला लागले.